बाग उपटली. दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं?

सुकीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सहा वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचं गाव रावेर तालुक्यात. वावर दोन एकर. जुलैच्या पहिल्या आठवड्यात केळीची ऊतिसंवर्धित रोपं लावली, जी-९ जातीची, मोजून तीन हजार. ऑगस्टात झड लागली ती पंधरा दिवस उघडलीच नाही. मग पानांवर पिवळ्या रेघा दिसू लागल्या. सीएमव्ही, केळीचा विषाणूजन्य रोग. आमच्याकडचे जुने लोक त्याला हरण्या म्हणतात. आधी चाळीस झाडं उपटली, आठवड्याने दोनशे. मग पोंगे (मधली कोवळी पानं) सडायला लागले आणि गणपती विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा (माझे वडील) म्हणाले, सगळीच काढू.

मी पुण्याहून रजा टाकून गेलो. दोन दिवस आम्ही झाडं उपटत होतो. ओल्या जमिनीतून मुळं सुटताना जुनं धोतर फाटल्यासारखा आवाज येतो. तो अजून कानातून जात नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दादा उठले, चहा घेतला, डोक्याला रुमाल बांधला आणि निघाले. मी विचारलं, "दादा, आता तिकडे काय आहे?" म्हणाले, "वावर आहे ना."

मी मागोमाग गेलो. दादांनी ठिबकच्या नळ्या एकेक करून मोकळ्या केल्या, शेवटची टोकं उघडली, पाणी सोडून आतला गाळ धुऊन काढला. उंदरांनी कुरतडलेल्या ठिकाणी कापून जॉइनर टाकला. दुपारपर्यंत सोळा नळ्या झाल्या. ह्या सगळ्यात एक शब्द बोलले नाहीत.

माझ्या हातातून कंपनीतलं एखादं काम गेलं तर मी आठवडाभर कुणाशी धड बोलत नाही. म्हणून विचारतोय. हे कुठून येतं? नवं काही सुचणं, चिकाटी आणि देवावरचा भरवसा, ह्यातलं आधी काय येतं? तुमच्या घरात काय घडलं ते सांगा. उपदेश नको, घडलेलं हवं.

---

निंभोरा_रोड

वाईट झालं भाऊ. आधी कामाचं सांगतो, बाकीचं मागून. बांधावर किंवा शेजारच्या वावरात काकडी, भोपळा, दोडकी असतील तर ती काढायला लावा. हा विषाणू तिथे दम धरतो आणि मावा तो केळीवर आणतो. उपटलेली झाडं बांधावर रचून ठेवली असतील तर आजच लांब खड्ड्यात पुरा नाहीतर जाळा. रोगावर औषध नाही. मावा आवरायचा आणि रोगट झाड दिसल्या दिवशी उपटायचं, एवढंच हातात असतं. तुमच्या वडिलांनी बरोबर केलं. अर्धी बाग वाचवायच्या नादात गेल्या वेळी माझी पूर्ण गेली.

---

अमळनेरची_काकू

माझी गोष्ट तुमच्यासमोर फार लहान आहे, तरी सांगते.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. वैशाखात सासूबाईंनी माझ्यावर एकटीवर बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, जबाबदारी टाकली. दहा किलो ज्वारी. तीन दिवस भिजवून, धुऊन, सावलीत सुकवून, भरडून आणली. पहाटे चारला चुलीवर मोठं पातेलं चढवलं. लसूण, हिरवी मिरची, जिरे, तीळ. घाटा (शिजणारं पीठ) ढवळताना खांद्याचा काटा निघतो, ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक. ऊन चढायच्या आत गच्चीवर ओल्या लुगड्यावर सगळे बिबडे थापून झाले. दुपारी तीनला पश्चिमेकडून काळं आलं. आधी धूळ, मग टपोरा पाऊस. मी आणि नणंद धावलो तोवर निम्मे बिबडे लुगड्याला चिकटून लगदा झाले होते.

मी जिन्यात बसून रडले. सासूबाई वर आल्या, एक बिबडा उचलून दोन बोटांत दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "वाळला नाही म्हणजे वाया गेला असं कुणी सांगितलं तुला?" खाली जाऊन त्यांनी कच्च्या तेलाची बाटली आणि कांदे काढले. ओला बिबडा, वर तेल, बाजूला कच्चा कांदा. आळीतल्या सगळ्या पोरांना हाका मारल्या. तेवीस पोरं ओट्यावर बसून खात होती. जे लगदा झाले होते ते तव्यावर थापून धिरड्यासारखे भाजले. उरलेला घाटा दुसऱ्या दिवशी पुन्हा थापला.

त्या दिवसापासून आमच्या आळीत दर वैशाखात पहिल्या दिवशीचे बिबडे ओलेच वाटतात. सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली, पण ते चालू आहे.

तुम्ही विचारलं आधी काय येतं. मला वाटतं आधी कुणीतरी जिन्यात येऊन शेजारी उभं राहतं.

---

सातपुड्याना_पोर

काकू, तुमनी गोट आयकीसन डोयामा पानी उनं. आते बिबडा खावानी इच्छा व्हयनी ते येगळंच.

---

उलटतपासणी

वाचतोय. पण मला थोडं वेगळं म्हणायचं आहे.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने माझी पाच एकर कपाशी खाल्ली. एरंडोलकडे राहतो. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि सडका कापूस. पहिल्या वेचणीनंतर मजूर वेचायला येईनात, कारण वेचून हातात काही लागत नव्हतं. आईने त्या वर्षी नवस केले, उपास केले. मी आईला एका शब्दाने दुखावलं नाही. पण पुढच्या वर्षी पीक आलं ते आम्ही फरदड ठेवणं, म्हणजे वेचणी संपल्यावरही तीच झाडं पुढे राखणं, बंद केलं म्हणून. डिसेंबरात पऱ्हाट्या (कपाशीची झाडं) उपटून वावर मोकळं केलं. जून येईपर्यंत अळीला घरच ठेवलं नाही. पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे लावले, रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजून वहीत लिहिले. एका सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग दिसले की फवारणीचा विचार. ती वही अजून आहे.

म्हणून मला विचाराल तर श्रद्धेच्या आधी वही येते. आणि केळी लावणाऱ्यांनी विमा उतरवताना एक लक्षात ठेवावं. तो हवामानावर आधारित असतो. वारा, थंडी, उष्णता यांना आहे, हरण्याला नाही. वाऱ्याने बाग पडली तर ७२ तासांत कळवायचं असतं. आपले लोक चौथ्या दिवशी फॉर्म शोधतात.

---

अमळनेरची_काकू

@उलटतपासणी, भाऊ, वही खरीच. पण ज्या वर्षी सगळं गेलं त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही परत कपाशी लावायला का उभे राहिलात? वहीत ते कारण लिहिलंय का? तुमच्या आईने उपास केले म्हणून पीक आलं नसेल. तुम्ही रोज सकाळी सापळ्यापर्यंत चालत गेलात त्यात आईचा वाटा नव्हता असं मी तरी म्हणणार नाही.

---

उलटतपासणी

काकू, ह्यावर मला विचार करू द्या. उत्तर देतो.

---

रात्रपाळी

मी जळगावात परिचारिका आहे. धागा सुंदर चाललाय, पण एक गोष्ट मनात खटकतेय ती बोलते.

माणसावर संकट कोसळलं की त्याने लगेच काहीतरी सुंदर करून दाखवावं अशी आपण अपेक्षा करतो. पेपरात अशाच गोष्टी छापून येतात. पण वॉर्डात मी रोज बघते, काहींना फक्त दुःख होतं. त्यातून काही नवं निघत नाही, आणि निघालं पाहिजे असंही नाही. सुकीकाठ, तुमच्या दादांनी नळ्या धुतल्या हे चांगलंच. पण दिवसभर एक शब्द बोलले नाहीत हेही तुम्हीच लिहिलंय. मी तिथेच थांबले.

जेवण नीट जातंय का, झोप लागते का, रात्री अंगणात फेऱ्या मारतात का, कुणाचे पैसे कुणाला द्यायचे हे अचानक समजावून सांगायला लागलेत का, ह्याकडे लक्ष ठेवा. आणि थेट विचारा, आडून नको. विचारल्याने माणसाच्या डोक्यात नको ते येतं हा गैरसमज आहे, उलट मोकळं होतं. बोलायला घरचं माणूस जड जात असेल तर टेलि-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

काम हे कधी औषध असतं, कधी झाकण. दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं.

---

सुकीकाठ

@रात्रपाळी ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि मग घरी फोन केला. सरळ विचारलं. दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, झोप लागत नाही, सोसायटीच्या पीककर्जाच्या हप्त्याचं डोक्यात फिरतं. हे त्यांनी मला तीन आठवड्यांत सांगितलं नव्हतं. हप्त्याचं मी बघतो म्हटलं. त्यावर म्हणाले, "बघ," एवढंच. पण आवाज हलका झाला होता.

आईने अजून एक सांगितलं. दादा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. भाद्रपदापासून पखवाज खोळीतून काढलेला नाही, एकादशीलाही गेले नाहीत. मला हे कळलंच नव्हतं.

---

निंभोरा_रोड

बापले एकटं सोडू नको भो. शक्य असेल तर महिनाभर दर शनिवारी ये.

---

धुळेकर_मास्तर

शाळेत तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला, त्यामुळे माझं उत्तर थोडं लांबून येईल.

आपल्या खानदेशात टंचाई नवी नाही. साक्री-पिंपळनेरकडे पांझरेवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. नदीत दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ते बैठकीत ठरायचं. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाटकऱ्याने पाणी सोडलं की कुणी मध्येच पाट फोडायचा नाही. माझ्या आजोबांची जमीन तीन फडांत तुकड्यातुकड्याने होती. लहानपणी मला तो वेडेपणा वाटायचा, एका जागी का नाही घेतली? मग कळलं. पाऊस कमी झाला तर एखादा फड पडीक ठेवायचा, आणि प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असला की पडीक राहण्याचं दुःख सगळ्यांच्या वाट्याला थोडंथोडं येतं. कुणा एकाचं घर बसत नाही.

हे कुणा एकाला एका रात्रीत सुचलेलं नाही. दुष्काळाने दहा वेळा मार दिल्यावर माणसांनी बसून काढलेली तोड आहे ती. मला सृजनशीलता म्हटलं की ते आठवतं, कविता नंतर.

त्याच साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. जंगल तुटून उघडं पडलेलं, विहिरी आटलेल्या. गावाने नियम केले, कुऱ्हाडबंदी केली, तोडणाऱ्याला दंड, आणि जंगल परत आलं. ह्या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवार यांना २०२५ ला पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी नाव ऐकलं. पण नव्वदच्या दशकात सुरुवात केली तेव्हा हाती काय होतं? उजाड डोंगर. तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते, बायका रानातून आणलेल्या भाज्या रांधून मांडतात. मी एकदा विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. एका आजीने पळसाच्या पानावर वाढलेली भाजी मला दिली आणि नाव सांगितलं, ते मी लिहून घेतलं नाही ह्याचं आजही वाईट वाटतं.

---

खापर_आणि_मांडे

मास्तर, तुम्ही कविता नंतर म्हणालात, पण आपल्या असोद्याच्या बहिणाबाई विसरून कसं चालेल? अक्षर गिरवलेलं नाही, तिशीत नवरा गेला, पदरी लेकरं, आणि दळता-कांडताना ओव्या. १९५१ साली त्या गेल्या. तोवर बाहेर फारसं कुणाला माहीतही नव्हतं. मुलाने आणि एका नातलगाने टिपून ठेवलं होतं म्हणून आपल्याला मिळालं. जात्यापाशी ऐकणारं माणूस नसतं तर? मला काकूंचं जिन्यातलं माणूस आठवलं.

---

धुळेकर_मास्तर

मान्य. "कविता नंतर" मागे घेतो.

---

शहादा_ते_सदाशिव

मी सहसा लिहीत नाही. पण सगळे खरं लिहितायत म्हणून लिहितो.

पुण्यात सात वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला. चार वेळा मुख्य परीक्षा, एकदा मुलाखत. शेवटचा निकाल लागला तेव्हा दीड गुणाने राहिलो. खोलीवरचं सामान दोन पोत्यांत भरून शहाद्याला परत आलो. वडिलांची पिठाची गिरणी आहे. पहिले तीन महिने मी दुपारी गिरणीवर बसायचो नाही, कारण दुपारी ओळखीचे लोक येतात. रात्री आठनंतर बसायचो.

मग एक म्हातारी आजी आली, डोक्यावर सात-आठ किलो बाजरी. दळून दिली. घरी नेताना रस्त्यात तिच्या डोक्यावरचा डबा पडला, पीठ सांडलं. ते मी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून मी सायकल काढली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं धान्य घरून आणायचं, दळून परत पोचवायचं. कुणाला जाडं लागतं, कुणाला बारीक, कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारीत कोण उडीद किती घालतं, हे सगळं एका वहीत लिहिलंय. सध्या एकतीस घरं आहेत. आता सगळे मला सायकलवरून ओळखतात, दुपारीसुद्धा.

पण खरं सांगायचं तर श्रद्धा वगैरे माझ्यात अजून परत आलेली नाही. निकालाच्या दिवशी सकाळी मी देवळात गेलो होतो. त्यानंतर गेलो नाही. रस्ता बदलून जातो.

---

अमळनेरची_काकू

बाळा, येईल असं मी म्हणत नाही. ते माझ्या हातात नाही. पण अमळनेरला कधी आलास तर जेवायला ये. वरण-बट्टी करते.

---

रात्रपाळी

@शहादा_ते_सदाशिव, तू रस्ता बदलतोस हे लिहिलंस त्याला फार धीर लागतो. आणि एकतीस घरांत तुझी वाट बघतात.

---

सातपुड्याना_पोर

कळण्यामा उडीद किती घालाना त्यावर येगळा धागा काढा. आमना घरमा पायलीले पाव किलो, मावशीना घरमा त्याना दुप्पट, आणि दोन्ही घरे म्हनतस दुसरास्ले काहीच समजत नही.

---

खापर_आणि_मांडे

अवांतर आहे, पण पायलीला पाव किलो? इतक्या कमी उडदाने भाकरी थापताना फाटेल. अर्धा किलो तरी हवा, आणि मीठ दळतानाच. भरिताबरोबर खायची तर थोडी जाडच चांगली.

---

निंभोरा_रोड

अर्धा किलो जास्त होतो हो ताई, गिळताना घशात बसते.

---

व्यवस्थापक

मंडळी, भाकरीसाठी पाककृती विभागात धागा आहे. तिथे चर्चा हलवा, इथे मूळ विषयावर या. (आमच्याकडे पायलीला अर्धाच.)

---

पेटीवाले_काका

भुसावळ. रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त. टंकायला वेळ लागतो, का ते उद्या सांगतो.

---

पेटीवाले_काका

काल अर्धवट राहिलं. आता सगळं लिहितो, डाव्या हाताने एकेक अक्षर.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय वर्षभरात बराच आला, हात आला नाही. नोकरीत हलकं काम मिळालं, पगार चालू राहिला, त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही. तक्रार एकाच गोष्टीची होती. मी पेटी वाजवायचो. वयाच्या बाराव्या वर्षापासून. आमच्या मंडळाबरोबर मुक्ताईच्या पालखीत कोथळीहून पंढरपूरला सात वेळा गेलो होतो, महिनाभर चालत, आणि मुक्कामाला पेटी माझ्यापुढे असायची.

पेटी उजव्या हाताने वाजवतात, डाव्याने भाता मारतात, हे सगळ्यांना माहीत आहे. माझी पेटी दोन वर्षं माळ्यावर होती. बायको पुसायला काढायची तर मी खोलीतून उठून जायचो. देवावर राग नव्हता. राग असता तर बोलणं तरी झालं असतं. नुसतं कोरडं झालं होतं.

फिजिओथेरपी करणारी मुलगी घरी यायची. उजव्या हाताला ढकलायचे व्यायाम द्यायची, भिंतीला तळहात लावायचा आणि ढकलायचं. बोटं हलत नव्हती पण तळवा ढकलू शकायचा. एक दिवस भिंत ढकलताना माझ्या डोक्यात आलं, भात्याला तरी दुसरं काय लागतं? तळव्याने ढकलणंच ना? बायकोला म्हटलं, पेटी काढ.

उजवा तळवा भात्यावर ठेवला, डावा हात पट्ट्यांवर. सा लागला. पण डाव्या हाताला काहीच ठाऊक नव्हतं. चौतीस वर्षांचं सगळं उजव्यात होतं. करंगळी जिथे जायची तिथे अंगठा जायचा. लहान पोरासारखं सारेगमपासून सुरू केलं. शेजारच्यांनी सहन केलं, त्यांचे उपकार आहेत. चौदा महिन्यांनी एक अभंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजला. संथ, पण न अडखळता. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, तिने गॅस बंद केला नाही. तेव्हा मला कळलं ती आत उभी राहून ऐकतेय.

सुकीकाठ, तुम्ही विचारलंत आधी काय येतं. माझ्या बाबतीत आधी भिंत आली. भिंतीला तळवा लावायचा, दिवसाला शंभर वेळा, काही होत नाही तरी लावायचा. सुचलं ते त्यातून. देव त्याही नंतर आला, पेटीबरोबरच. दुसऱ्या कुणाचा क्रम वेगळा असेल.

उजव्या हाताने जे वाजायचं ते आता वाजत नाही. झपाट्याच्या ताना गेल्या त्या गेल्याच. त्याचं वाईट आजही वाटतं, हेही लिहून ठेवतो.

---

खापर_आणि_मांडे

काका, साष्टांग दंडवत. तिसऱ्या शिट्टीला माझाही श्वास अडकला.

---

शहादा_ते_सदाशिव

काका, "नुसतं कोरडं झालं होतं" हे वाचून थांबलो. माझ्या बाबतीत काय झालंय त्याला मला शब्द सापडत नव्हता.

---

पेटीवाले_काका

@शहादा_ते_सदाशिव, माझं कोरडेपण दोन वर्षं टिकलं. तू घाई करू नकोस. सायकल चालव.

---

उलटतपासणी

@अमळनेरची_काकू, उत्तर देतो म्हटलं होतं. पंधरा दिवस लागले.

वही काढली. २०१८ ची. पहिल्या पानावर सापळ्यांचे आकडे आहेत असं मला वाटत होतं. नाहीत. पहिल्या पानावर आईच्या हातचं हळदीकुंकू आहे आणि खाली तिच्या अक्षरात "श्री". मी ते पान विसरलो होतो. म्हणजे मी वही उघडायच्या आधी तिने उघडली होती.

अळी सापळ्यांनी आणि वेळेवर पऱ्हाट्या उपटल्यानेच आवरली, ह्यावर मी ठाम आहे. पण उभा का राहिलो ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते तुमच्याकडे होतं. आईला पान दाखवलं. ती म्हणाली, "मग? कोरी वही द्यायची असते का कुणाला?"

---

अमळनेरची_काकू

भाऊ, आईंना माझा नमस्कार सांगा.

---

सुकीकाठ

मंडळी, दीड महिन्याने परत आलोय. काय काय झालं ते सांगतो.

दिवाळीच्या आधी त्याच वावरात हरभरा टाकला. धुतलेल्या ठिबकवरच. केळीसाठी अंतर जास्त होतं म्हणून दादांनी दोन नळ्यांच्या मधोमध जुन्या नळ्या जोडून टाकल्या, भंगारात द्यायच्या म्हणून मी बाजूला काढल्या होत्या त्याच. बांधावर काकडीवर्गातलं काही नाही, निंभोरा_रोड दादांचं ऐकलं. पश्चिमेच्या बांधाला शेवरीचं बी पेरलंय, पुढच्या बागेला वाऱ्याची आड होईल म्हणून. म्हणजे पुढची बाग दादांच्या डोक्यात आहे. हे त्यांनी मला सांगितलं नाही, शेवरी बघून मला कळलं.

सोसायटीत मी स्वतः जाऊन हप्त्याची मुदत वाढवून घेतली. झोप आता बरी आहे, आई सांगते. सगळं ठीक झालंय असं नाही. रोपांचे एक्कावन्न हजार आणि खताचे पैसे गेले ते गेलेच, आणि रस्त्याने कुणाची उभी बाग दिसली की दादा मान वळवतात.

गेल्या रविवारी घरी होतो. जेवण झाल्यावर दादांना हा धागा वाचून दाखवला, पहिल्या प्रतिसादापासून. बिबड्यांना हसले. मास्तरांचं फडाचं ऐकून म्हणाले, बरोबर आहे, एका ठिकाणी सगळं लावू नये. सायकलवाल्याचं ऐकताना "किती घरं म्हणाला?" असं दोनदा विचारलं. पेटीवाले काकांचं वाचत होतो तेव्हा मध्येच उठून आत गेले. मला वाटलं झोपायला गेले. परत आले ते हातात खोळ घेऊन. पखवाज बाहेर काढला, मांडीवर घेतला, वाद्या दाबून पाहिल्या. दोन ढिल्या झाल्या होत्या. हातोडीने गठ्ठे ठोकत बसले आणि मला म्हणाले, "वाच पुढे."

वाचून संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "ते भुसावळात कुठे राहतात?"

पेटीवाले काका, पुढच्या रविवारी आम्ही दोघं सकाळच्या एसटीने सावदा-फैजपूरवरून येऊ का? दादा तुम्हाला विचारायला सांगतायत. हरभऱ्याचे शेंडे खुडायला आलेत, भाजी घेऊन येतो.

---

पेटीवाले_काका

विचारता काय, या. स्टॅंडवर नातू घ्यायला येईल. पट्टी काळी एक आहे, वडिलांना सांगा. पखवाजाला लावायची कणीक मी मळून ठेवतो.